कंपनीचा बोहाडा

जव्हारात आजवर झालेल्या समारंभांत सर्वांत देखणे कोणते, असं मला कोणी विचारलं तर मी चटकन सांगेन, जे झालेच नाहीत ते. आणि ते सगळेच्या सगळे आमच्या साडूंनी भरवलेले होते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच, किंचित पुढे वाकलेले आणि डोळे कायम अर्धे मिटलेले. नवख्या माणसाला वाटायचं, यांना झोप आली आहे. आम्हा घरच्यांना मात्र ठाऊक असायचं की यांच्या डोळ्यांपुढे या घटकेला कुठेतरी मांडव पडतो आहे. अशा वेळी त्यांना हाक मारली की त्या मांडवाचा खांब हातून सुटल्यासारखा त्यांचा चेहरा होई आणि हाक मारणारालाच अपराधी वाटे.

संस्थान होतं तोवर ते राजवाड्याच्या खासगीकडे समारंभांचे कारकून होते. दसऱ्याच्या मिरवणुकीत कोण कोणाच्या पुढे, शिकारीला आलेल्या पाहुण्यांना चहा कुठल्या वळणावर, पंगतीत कोणत्या दोन गृहस्थांच्या मध्ये कोणता तिसरा गृहस्थ बसवला म्हणजे भांडण होणार नाही, हे सगळं ते बघत. बघत म्हणजे अगदी शब्दशः बघत. कागदावर एक अक्षर लिहायचे नाहीत. गावाबाहेर जिथे डोंगर एकदम संपतो आणि खाली सगळी दरी धुक्यात पडलेली असते, तिथे कड्यावरच्या एका खडकावर जाऊन बसायचे आणि तो समारंभ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून यायचे. मग खाली येऊन ज्याला त्याला सांगायचे, आणि सांगताना असं व्हावं, तसं करावं, असली भाषा नाही. कालच जेवून आलेल्या माणसानं पंगतीची आठवण सांगावी तसा त्यांचा बेत असे. "काय सांगू तुम्हाला, पालखी चौकात आली आणि नेमकं ऊन उतरलं. अहो, सोनं झालं सोनं!" असं ते भाद्रपदात सांगत. दसरा अजून यायचा असे.

माझं लग्न त्यांनी मला लग्नाच्या महिनाभर आधी सांगितलं. संध्याकाळची वेळ होती, मी होणारा जावई म्हणून अंग चोरून बसलो होतो, आणि हे डोळे मिटून म्हणाले, "तुमचे मामा काही जेवायला बसेनात. मानपानात काही राहिलं असेल. शेवटी मीच गेलो. म्हटलं, मामा, तुम्ही वाढायला घेतलंत तरच लोक पोटभर जेवतील. मग काय विचारता! तुपाचं भांडं घेऊन फिरताहेत, फिरताहेत, खाली ठेवायला तयार नाहीत." मी हसलो. लग्नाच्या दिवशी मामा रुसले, साडू गेले, त्यांनी तेच वाक्य म्हटलं, आणि मामा तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून फिरू लागले. मी ते पाहत होतो आणि मला राहून राहून वाटत होतं की हे लग्न आपण एकदा केलेलं आहे.

रुसलेला माणूस हा त्यांचा खास प्रांत. समारंभाला आलेल्यांची त्यांना काही पडलेली नसे. "आलेला माणूस आलाच आहे, त्याचं काय?" ते म्हणत. "न आलेल्याचं बघायचं." चारचौघे हसत-खिदळत असले की यांचे अर्धे मिटलेले डोळे दारापाशी उभ्या असलेल्या, तोंड वळवलेल्या पाचव्याला शोधत असायचे. त्याला बोलवायचे नाहीत, समजूत घालायचे नाहीत. त्याच्यावर एखादं काम सोपवून निघून जायचे. थोड्या वेळानं बघावं तर तो माणूस घामाघूम होऊन सगळ्यांना हुकूम सोडत असे.

आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, या सगळ्याला पुरून उरलेली होती. हे ताटावर बसल्या बसल्या कुठल्यातरी न झालेल्या सोहळ्यात शिरले की ती पळी आपटून म्हणे, "आधी आमटी गरम आहे तोवर जेवा. उद्या काय काय झालं ते मग सांगा."

पुढे संस्थान विलीन झालं. त्या दिवशी साडू कड्यावरून उशिरा घरी आले. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि एवढंच म्हणाले, "फार साधं झालं हो. कोणी कुठे उभं राहायचं हेसुद्धा ठरवलेलं नव्हतं." संस्थानाला निरोप कसा द्यायचा ते त्यांनी मनात केव्हाच पाहून ठेवलं होतं. त्यांना ते कोणी विचारलंच नाही.

मग रिकामे दिवस आले. समारंभ नाहीत, खातं नाही, आणि बघण्याची सवय तर सुटत नाही. ते घरच्याघरी बेत करू लागले. एका श्रावणात त्यांनी आम्हा दोन्ही बिऱ्हाडांची दाभोशाच्या धबधब्याची सहल सांगायला घेतली. रोज थोडी थोडी सांगत. तुषार अंगावर आले, आक्काची चप्पल वाहून गेली, मी ती काठीनं काढली, खडकावर बसून सगळे जेवलो. सहल काही निघाली नाही. पण पुढे वर्षा-दीड वर्षानं माझं आणि बायकोचं यावरून कडाक्याचं भांडण झालं की दाभोशाला आपण भरीत नेलं होतं की झुणका. भांडता भांडता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, पण आपण गेलो कुठे होतो?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

अशात कल्याणकडच्या एका शेठनी जव्हारात लाकडाची वखार काढली. कंपनी म्हणत तिला. रिकाम्या बसलेल्या संस्थानी नोकरांपैकी काही त्यांनी घेतले आणि काही माणसं मुंबईहून आणली. मी चिकटलो, आणि शब्द टाकून साडूंनाही आवक-जावकवर चिकटवलं. पगारापुरतं काम ते नेटकं करत. उरलेला वेळ खिडकीतून ओंडक्यांच्या थप्प्यांकडे बघत बसत. त्या थप्प्यांवर त्यांनी मनातल्या मनात किती लोक बसवले असतील देव जाणे.

कंपनीत पहिल्या दिवसापासून दोन तट. संस्थानी मंडळी कचेरीत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करत आणि मग निवांत पान जमवत. मुंबईवाले घड्याळ बघून येत आणि घड्याळ बघून उठत. हे त्यांना घड्याळवाले म्हणत, ते यांना दरबारी म्हणत. चहाच्या किटल्यासुद्धा दोन होत्या. घड्याळवाल्यांचे म्होरके म्हणजे गिरगावचे हिशेबनीस, बारीक अंगाचे, जाड भिंगांच्या चष्म्याचे आणि आयुष्यात कधी खोटा आकडा न लिहिलेले. दरबाऱ्यांचे म्होरके म्हणजे संस्थानच्या जंगलखात्यातले जुने रेंजर. आवाज असा की वखारीत बोलले तर बाजारपेठेत ऐकू जावं. पहिल्याच दिवशी हिशेबनीस चुकून रेंजरांच्या खुर्चीवर बसले. रेंजर काही बोलले नाहीत. ते न बोलणं दोन वर्षं चाललं.

दुर्दैवानं माझं टेबल दोघांच्या मध्ये होतं. हिशेबनीस माझ्याकडे बघून म्हणत, "ज्यांनी कोणी काल ओंडके मोजले असतील त्यांना सांगावं, घनफूट जुळत नाहीत." यावर रेंजर माझ्याकडे बघून गरजत, "ज्याला कोणाला सागातला आणि ऐनातला फरक कळत नसेल त्यानं जंगलात येऊन मोजावे!" मी दोन्हीकडे मान हलवून हलवून मानेचं दुखणं लावून घेतलं. कधी एकच थप्पी दोनदा मोजली जाई, कधी कोणीच मोजत नसे. एकदा तर लॉरी कल्याणपर्यंत रिकामी गेली, कारण ती भरायची कोणी हे एकानं दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

त्या रिकाम्या लॉरीच्या पाठोपाठ जीपमधून शेठ आले. "ही वखार आहे की सवतींचं घर?" ते कडाडले. "मुंबईत मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना सहलीला नेतात, खेळ खेळवतात, एकत्र जेवायला घालतात म्हणे. माणसं एक होतात. तुमच्यात कोणाला जमतं हे?" सगळ्यांच्या माना साडूंकडे वळल्या. साडू डोळे अर्धे मिटून उभे होते. शेठ म्हणाले, "यांना तर झोप आली." मी म्हटलं, "नाही शेठ, त्यांनी सुरुवात केली." शेठनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हुकूम सोडला. धुळवडीला कार्यक्रम करा. दुसऱ्या दिवशी मी येतो आणि सगळ्यांना विचारतो. पुन्हा हीच रड ऐकू आली तर वखार उचलून खाली वाडा गावाला नेतो, आणि हे समारंभवाले सर्वांत आधी घरी.

घरी म्हणजे नाशकाला. आक्काचा भाऊ तिथे होता आणि तो कधीचा या दोघांना बोलावत होता. त्या संध्याकाळी साडू मला कड्यावर घेऊन गेले. कधी कोणाला नेत नसत. खाली मोहाचा वास सुटला होता. ते खडकावर बसले आणि म्हणाले, "साडू, संस्थान गेलं तेव्हा निदान मी गावात होतो. आता गाव सोडायची वेळ आली तर मी कुठे बसून बघू?" मला गलबलून आलं. पुढची गोष्ट घडून गेल्यासारखी न सांगता त्यांनी नुसती विचारली, असं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. कोणी क्रिकेट सुचवलं, कोणी रस्सीखेच. त्यांनी हात हलवला. "त्याला दोन बाजू लागतात. त्या आपल्याकडे आहेतच." दाभोशाची सहल तर ते एका संध्याकाळीच करून आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "काही उपयोग झाला नाही हो. माणसं दोन खडकांवर बसली. दोन दोन डबे उघडले." आणि मग एक दिवस ते कड्यावरून जवळजवळ धावतच खाली आले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. "बोहाडा!" ते म्हणाले. "कंपनीचा बोहाडा! अहो, काय रंगला!"

बोहाडा आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांनी पाहिलेला. होळीच्या पुढेमागे गावोगाव मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं निघतात, संबळ वाजतो, पिपाणी वाजते आणि एकेक सोंग नाचत गावातून जातं. मुखवटा जड असतो. आतल्याला पुढचं नीट दिसत नाही, तोल सांभाळता येत नाही. म्हणून त्याच्या कमरेला शेला बांधतात आणि त्याचं टोक धरून मागे एक माणूस चालतो. पुढचा नाचतो तो मागच्याच्या भरवशावर. लोक सोंगाकडे बघतात, मागच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. साडूंचं आयुष्यभर न आलेल्या माणसाकडे लक्ष. त्यांना तो मागचाच दिसला. त्यांचा बेत असा की एका तटाचा माणूस सोंग घेणार आणि त्याचा शेला दुसऱ्या तटाच्या माणसाच्या हातात. तोही असा तसा कोणी नव्हे, ज्याचं तोंड बघायला नको तोच. हिशेबनीस रावण झाले होते. आणि रावणाच्या मागे रेंजर.

मुखवटे मागायला आम्ही मोखाड्याला गेलो. बोहाड्यात ज्या त्या मुखवट्याचा मान ज्या त्या घराचा असतो. गणपतीच्या सोंगाचा मान असलेल्या घरचा म्हातारा ओटीवर सूप विणत बसला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "देव नाय मिळं, साहेब. देव आमचे घरी पिढ्यान् हाय, तो आमचे अंगावरच यं. पर राक्षस तुम्ही करा तुमचे तुम्ही. राक्षसाला कोण नाय बोलत." परतताना साडू भलतेच खूश होते. कंपनीचा बोहाडा नुसत्या राक्षसांचा असावा याचं आम्हा दोन्हीकडच्या कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. ज्यानं त्यानं मनात समोरच्याची योजना केव्हाच करून ठेवली होती.

मग वखारीच्या मागच्या छपरात मुखवटे बनू लागले. रद्दीचा लगदा, कण्यांची खळ, गेरू, काजळी आणि चमकायला बेगड. दुपारी जेवण झालं की साडू तिथे एका ओंडक्यावर बसत आणि बोहाडा सांगत. आधी दोघे-तिघेच ऐकायला असत. मग सगळेच येऊ लागले. "रावण निघाला तो असा," साडू सांगत, "चष्मा काढलेला. आतून काही म्हणजे काही दिसत नाही. बाजाराच्या वळणावर त्यांचा पाय घसरला. दहा तोंडांचा भार! माणूस उताणा जायचा. पण मागचा शेला असा ताणला गेला, असा, की रावण जागच्या जागी सरळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाचातलाच भाग." हिशेबनीस मान खाली घालून कागद भिजवत. रेंजर पाठ करून बांबू तासत. दोघंही ऐकत नसल्याचं दाखवत. पण साडू सांगता सांगता थांबले की दोघांचेही हात थांबत. एकदा रेंजर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या रावणाला सांगा, वळणावर डावा पाय आधी टाकायचा." हिशेबनिसांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, "कळलं म्हणावं." तिथेच आपण अर्धा गड जिंकला असं मला वाटलं. आम्हाला दरबारी आणि घड्याळवाले एकाच किटलीतून चहा पिताना दिसू लागले होते. किटल्या अजून दोनच होत्या.

होळीच्या संध्याकाळी मुखवटे तयार होऊन छपरात रांगेनं मांडले. रावण मधोमध. मिशा अंबाडीच्या, मुकुटाला बेगड. साडू कितीतरी वेळ बघत उभे होते, आणि त्यांचे डोळे चक्क पूर्ण उघडे होते. मग आम्ही सगळे होळी पेटवायला आपापल्या घरी गेलो. छपरातून शेवटी निघाले ते रेंजर. आता वखारीतली सगळी कुलपं हिशेबनिसांकडे असत. दार बंद करायचं तर कुलूप मागायला हवं, आणि मागायचं म्हणजे बोलायला हवं. रेंजर म्हणाले असतील, ज्याचं कुलूप त्यानं बघावं. हिशेबनीस घरी जाताना म्हणाले असतील, जो शेवटी निघाला त्यानं दार लावलं असेल, त्याला विचारायला मी कशाला जाऊ? दार तसंच राहिलं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा जामसरचा गाडीवान छपराच्या दारात डोक्याला हात लावून बसला होता. ओंडके घेऊन तो पहाटे आला होता. "बैलां रातभर चालली, भुकेली होती," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "दार उघडां होतां, गेली आत. मला काय ठावं, आत रावण हाय!" खळ तांदळाची होती. बैलांनी कुंभकर्ण खाल्ला, त्राटिका खाल्ली, रावणाची नऊ तोंडं खाल्ली आणि दहावं उष्टं करून टाकलं. नुसत्या बांबूच्या काड्या आणि मिशा उरल्या होत्या. कोणाला हसू यावं असं ते दृश्य होतं, पण कोणी हसलं नाही. साडू आत गेले, ते उष्टं तोंड त्यांनी उचललं, त्याच्यावरची माती उपरण्यानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्यांच्यात काही म्हणजे काही नव्हतं. रेंजर कुलपाविना लोंबणाऱ्या कडीकडे बघत होते. हिशेबनीस हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे. धुळवडीचे ढोल गावात वाजत होते, आणि आम्ही एकेक करून आपापल्या घरी गेलो. त्या रात्री आक्कानं ट्रंक माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली. आमटी गरम आहे असंसुद्धा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सगळ्यांना कचेरीत उभं केलं. साडू खिडकीपाशी, बाहेर तोंड करून. "मग?" शेठ म्हणाले. "झाला कार्यक्रम?"

माझ्या डाव्या बाजूनं एक बारीक आवाज आला. "झाला की," हिशेबनीस म्हणाले. आयुष्यात खोटा आकडा न लिहिलेला तो माणूस चष्मा पुसत होता. "उत्तम झाला. बोहाडा केला आम्ही. मी रावण होतो. चष्मा काढलेला, आतून काही दिसत नव्हतं. बाजाराच्या वळणावर माझा पाय घसरला. उताणाच जायचा, पण यांनी शेला धरला होता. म्हणून तर आज उभा आहे."

आणि माझ्या उजवीकडून, माझ्या डोक्यावरून, थेट पलीकडे आवाज गेला, "अहो, पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना, डावा पाय आधी टाका म्हणून!"

"टाकला होता!" हिशेबनीस उसळले.

"कुठे टाकला? मी मागून बघत होतो! शेला ताणून माझ्या तळहाताला वळ उठले!"

दोन वर्षांत ते दोघे एकमेकांशी बोलले ते हे. आणि मग बांध फुटला. ज्याला त्याला आठवू लागलं. कुंभकर्ण चौकातच कसा आडवा झाला, त्राटिकेची मिशी कशी सुटली, त्राटिकेला मिशी नसतेच, होती, मी पाहिली, दरबारी घड्याळवाल्यांना दुरुस्त करताहेत, घड्याळवाले दरबाऱ्यांना टाळ्या देताहेत, संबळ कसा वाजत होता ते कोणी टेबलावर वाजवून दाखवतो आहे. कोण खोटं बोलत होतं ते मला सांगता येणार नाही. आम्ही सगळ्यांनी तो बोहाडा पाहिलेला होता. खिडकीपाशी साडू पाठमोरे उभे होते. त्यांची मान हळूहळू पुढे वाकली आणि मला न दिसताही कळलं की त्यांचे डोळे अर्धे मिटले आहेत.

शेठ ऐकत होते. त्यांनी मध्येच हात वर केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. "आणि यांनी कोणाचं सोंग घेतलं? यांच्या मागे कोण होतं?"

आवाज एकदम बंद झाले. साडूंच्या बोहाड्यात साडू नव्हतेच. रोज दुपारी त्यांनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या, प्रत्येकाच्या पाठीशी कोणीतरी उभं केलं, आणि स्वतःला मोजायचं राहून गेलं होतं. आयुष्यभर न आलेला माणूस शोधणाऱ्याला हा एक सापडला नव्हता. "हे वाघ होते," मी म्हटलं. "यांच्या मागे मी होतो."

शेठ बाहेर आले, जीपपाशी गेले आणि थबकले. भाड्याच्या पैशांसाठी थांबलेल्या जामसरच्या गाडीवानाचा बैल तिथे रवंथ करत उभा होता आणि त्याच्या नाकपुडीला बेगडाचा एवढासा तुकडा चिकटून चमकत होता. शेठनी बैलाकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या एका घोळक्यात उभ्या असलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "यानंपण सोंग घेतलं होतं वाटतं," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले. वखार पुढे कितीतरी वर्षं जव्हारातच राहिली. आक्कानं ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली.

त्या संध्याकाळी साडू आणि मी घरी चालत निघालो. रस्त्यावर धुळवडीचा रंग अजून होता. चालता चालता ते सावकाश, नेहमीच्या त्या आठवणीच्या सुरात म्हणाले, "साडू, तुम्ही फार घट्ट धरला होतात हं शेला. चढावर मला जरा दमायला झालं होतं. पण मागे तुम्ही आहात हे कळत होतं."

पुढच्या वर्षी मंडळींनी त्यांच्यामागे लकडा लावला की या वेळी खरोखरचा बोहाडा करू, छपराला दोन कुलपं घालू. ते कबूल झाले नाहीत. "झालाय की एकदा," ते म्हणाले. "तितका चांगला पुन्हा व्हायचा नाही." आणि तो पुन्हा कधीच झाला नाही. पण कंपनीत नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी चहाबरोबर तो सांगितला जाई. हिशेबनीस नोकरी संपवून गिरगावात परत गेले तेव्हा निरोपाला रेंजरांचे डोळे भरून आले, आणि ते एवढंच म्हणाले, "डावा पाय आधी."

आता साडू नाहीत. रेंजर नाहीत. कड्यावर मी कधी कधी जातो आणि त्यांच्या खडकावर बसतो. मला त्यांच्यासारखं पुढचं काही दिसत नाही. दरी दिसते, धुकं दिसतं. पण फाल्गुनात खालून मोहाचा वास आला की माझी उजवी मूठ आपोआप आवळली जाते. पुढे वाघाचा मुखवटा घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस चढ चढत असतो. त्याला वाट दिसत नसते. मी शेला सोडत नाही.